दोघांपैकी एक

"सरपण मागच्या दारी टाक आणि जा," इदालिना म्हणाली.

एव्हारिस्तोनं भारा उतरवला आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला. ऐंशी वर्षांचा माणूस, धाप लागली होती. तिनं पाणी विचारलं नाही. सदतीस वर्षांत कधीच विचारलं नव्हतं.

"वहिनी, बंदी उठली. रविवारी सकाळी आपलं मंडळ पुन्हा उघडतंय," तो म्हणाला. "आबेलचं नाव घेऊन सुरुवात करायची आहे. तुम्ही यावं."

"आणि प्रमुखाच्या खुर्चीवर कोण? तूच?"

"मंडळी म्हणतात खरी."

"मग येते मी."

तिचा होकार ऐकून त्याचा चेहरा उजळला. ती मात्र दार लावून आत गेली.

एकेकाळी इदालिना त्याला अहोजाहो करायची, भाऊजी म्हणायची. फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळावर सरकारनं बंदी घातली, तेव्हा फिगेइराच्या बंदरातले सातजण एव्हारिस्तोच्या होड्यांच्या कारखान्यात गुपचूप जमू लागले. एव्हारिस्तो त्यांचा प्रमुख, तिचा नवरा आबेल चिटणीस. कुणी आजारी पडलं की औषध पोचायचं, कुणी मेलं की त्याच्या घरची चूल विझू द्यायची नाही, एवढाच त्यांचा कारभार.

एका सोमवारी पोलिसांनी या दोघांना कारखान्यातूनच उचललं. तिसऱ्या दिवशी उरलेले पाचजण घरोघरून पकडले गेले. त्यांत एव्हारिस्तोचा एकुलता एक मुलगा लिनोही होता. चौथ्या दिवशी आबेलचं प्रेत मोंदेगो नदीत सापडलं. पाचांना बेटावरच्या छावणीत धाडलं, आणि लिनो तिथंच तापानं गेला.

एव्हारिस्तो आठ महिन्यांनी सुटला. स्वतःच्या घरी जाण्याआधी तो इदालिनाच्या दारात आला.

"वहिनी, आबेलनं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही," त्यानं सांगितलं.

ती तेव्हा रडली. मग रडणं आटोपलं आणि ती हिशेबाला बसली. कोठडीत होते दोघं. त्यांतला एक बोलला नाही. मग बोललं कोण?

तिनं हे कुणापासून लपवलं नाही. माशांच्या बाजारात बोलली, विहिरीवर बोलली. हळूहळू लोकांनी एव्हारिस्तोला कामं देणं बंद केलं. त्याची बायको तर मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो कधी नाही म्हणाला नाही, कधी हो म्हणाला नाही. पण दर पावसाळ्याआधी इदालिनाच्या छपराची कौलं चाळायला यायचा. तिची मुलगी घटसर्पानं तापली, तेव्हा तिला पाठीवर घेऊन तोच डॉक्टरकडे धावला. मुलीचं लग्न लागलं, तेव्हा इदालिनानं बोलावलं नाही म्हणून चर्चबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला.

"मन खातंय त्याला," ती शेजारणींना सांगायची. "खाऊ दे."

रविवारी मंडळाचं दालन माणसांनी भरलं होतं. तरुण सभासदांनी एव्हारिस्तोच्या गळ्यात प्रमुखाचा निळा पट्टा घातला. आबेलचं नाव घेतलं गेलं, सगळे उभे राहिले. लोक खाली बसले, तरी इदालिना उभीच होती.

"हा माणूस तुमचा प्रमुख?" ती म्हणाली. "माझा नवरा गप्प राहून मेला. हा बोलला आणि जगला. विचारा त्याला."

"बाई, त्यांचा स्वतःचा मुलगा गेला हो त्यात," मंडळाचे सभासद सिल्व्हेरियो मास्तर हळूच म्हणाले.

"मार पडायला लागला की माणसाला मुलगा दिसत नाही, मास्तर."

सगळे एव्हारिस्तोकडे बघत राहिले. त्यानं पट्टा काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"वहिनींचा राग बरोबर आहे," तो म्हणाला. "मी या खुर्चीवर बसू नये."

कुणी त्याला अडवलं नाही. तो जिना उतरला, एकेका पायरीवर थांबत.

महिन्याभरानं तो गेला. त्याला पोचवायला चार माणसं होती. ती इदालिनाच्या दारावरूनच गेली. तिनं खिडकी लावून घेतली आणि कोबीचं सूप ढवळत बसली. खूप वर्षांनी आज बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. त्या हिवाळ्यात कौलं सरकली आणि स्वयंपाकघरात पाणी गळू लागलं.

फेब्रुवारीत कळलं की पोलीस ठाण्याच्या माळ्यावर जुनी दप्तरं सापडली आणि एकोणीसशे सदतीस सालचं त्या अटकेचं बाड मंडळाकडे आलं. इदालिना त्याच दुपारी गेली. आता सिल्व्हेरियो मास्तर प्रमुख होते. बाड त्यांच्यासमोर उघडं होतं. तिला बघताच त्यांनी ते मिटलं.

"घरी जा, बाई. झालं ते झालं."

"द्या इकडे. मला त्याची सही बघायची आहे."

"माझं ऐका."

"सदतीस वर्षं ऐकतेच आहे मी, मास्तर."

त्यांनी बाड पुढे सरकवलं आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

कागद पिवळा पडला होता, पण अक्षरं स्वच्छ होती. पाच नावं. सगळ्यांत वर लिनोचं. इदालिनाचं बोट नावांवरून खाली सरकत सहीपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. सही आबेलची होती.

त्याखाली कुणा अधिकाऱ्यानं टिपून ठेवलं होतं: "नावं मिळाली, आबेलला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडून दिलं. त्याचा जबाब एव्हारिस्तोला वाचून दाखवला. त्यानं एकच विनंती केली, हे आबेलच्या बायकोला कळू देऊ नका."