दुसरा ठिपका

दांडा धरून ठेवणारी पहिली लोखंडी पट्टी भिंतीवर बसलीच नाही. तिचं एक भोक भिंतीतल्या भोकापासून केसभर चुकलं होतं. न्हाणीघरात आईसाठी आधाराचा दांडा लावायचा म्हणून बाबांनी भिंतीत भोकं पाडली, आणि त्याच आठवड्यात ते गेले. काल आई तिथेच पडता पडता वाचली.

गॅरेजमधल्या त्यांच्या टेबलावर मी दुसऱ्या पट्टीवर पुन्हा मोजून दोन फुल्या आखल्या. ड्रिल सरकू नये म्हणून आता फुलीवर पंचचं टोक ठेवून हातोडीनं ठिपका ठोकायचा होता. तेवढ्यात आईची हाक आली. मी आत गेले.

"किती वेळ हाका मारतेय! ती ठोकाठोक थांबव ना जरा."

"आई, मी अजून हातोडी उचललीसुद्धा नाही."

परत आले तर पट्टीवर दोन ठिपके होते. एक फुलीच्या मधोमध, दुसरा किंचित डावीकडे. शेवटी शेवटी दुसऱ्या ठिपक्यापर्यंत बाबांचा हात थरथरायला लागायचा.

मी फुली सोडली आणि ठिपक्यावर ड्रिल टेकवलं.

पट्टी चपखल बसली. स्क्रू आवळल्यावर दांडा जरासुद्धा हलेना. आईनं तो धरला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"अगं, ह्यांचा हात अजून थरथरतोय."