कापलेले श्वास

सातव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमधला शेवटचा श्वास कानसेनने कापला आणि खुर्ची वळवली, तर दारात भोंग्याची आई उभी. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या स्टुडिओत पावलं वाजत नसत. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"या काकू, बसा."

कानसेन हे नाव बँडच्या पोरांनी आपल्या या रेकॉर्डिस्टला ठेवलेलं. पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तर हा तिचा सूर सांगेल, असं पोरं म्हणत. भोंगा हे नावही त्यांचंच. तो डेथ मेटल गायचा, म्हणजे पोटातून गुरगुरायचा, आणि ते रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं. अल्बमचं रेकॉर्डिंग संपलं त्याच आठवड्यात तो दम्याने गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. आता अल्बम बाहेर काढायला आईची सही लागत होती, आणि ऐकल्याशिवाय सही करणार नाही, असं तिने फोनवरच बजावलं होतं.

कानसेनने कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. हेडफोन स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर बसवले. ती कपडे शिवायची. बाहीवर दोऱ्याचे तुकडे तसेच चिकटलेले होते.

गाणं सुरू झालं. आधी पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ड्रम. मग एकाएकी नाचऱ्या फंक संगीताची बास गिटार ठुमकायला लागली, तिच्यात एक ट्रम्पेट घुसलं, आणि या सगळ्यावर भोंग्याची गुरगुर. बाईचा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर असल्यासारखा आपोआप हलला. तिच्या लक्षात आलं तसा तिने तो आवरला. एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाली, "अरे, यावर नाचायचं की पळून जायचं?"

"दोन्ही. लोक घाबरले पाहिजेत आणि पाय थांबता कामा नयेत, म्हणायचा."

"घरात काय कमी घाबरवायचा!" ती हसली. मग हसू ओसरलं. "पण यात तो कुठंय?"

"हा काय, गुरगुरतोय."

"ते कुणीही गुरगुरेल. आमच्या कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा. मी माझ्या पोराला ऐकायला आलेय." तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "मला जो ओळखताच येत नाही, त्याच्या नावाने सही कशी करू?"

महिनाभर कानसेन जेवणखाण विसरून यावर बसला होता. भोंग्याचं काम लखलखीत व्हावं म्हणून त्याने दोन गुरगुरींमधला प्रत्येक श्वास वेचून काढला होता. कापलेलं मात्र तो काम पुरं होईपर्यंत टाकत नसे. 'कचरा' असं नाव देऊन बाजूला ठेवी.

त्याने तो कचरा स्पीकरवर लावला.

खोलीभर नुसते श्वास. आत ओढलेले, तळाशी बारीक शिट्टी असलेले. बाईचे डोळे मिटले. वीस वर्षं ती मशीन अर्ध्या शिवणीत थांबवून हेच ऐकत आली होती. गरम पाणी पुरेल, की पंप द्यावा, की उचलून डॉक्टरकडे पळावं, ते तिला या शिट्टीवरून कळायचं.

"हा माझा," ती म्हणाली. पेन उचललं आणि सही केली.

कानसेनने डोळे पुसले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं.

"अजून आहे रे?"

"खूप आहे, काकू." शेवटच्या दिवसाचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं पडून होतं. त्याने ते हौसेने लावलं.

ती ऐकत राहिली. गुरगुर आली की वाट पाहायची, श्वास आला की मान हलवायची. मध्येच तिचा हात वर झाला.

"थांब. मागे घे जरा."

त्याने मागे घेतलं.

"इथं त्याची छाती भरलीय."

त्या दिवशी काचेआडून कानसेनलाही ती शिट्टी ऐकू आली होती. हे काय, नंतर कापता येईल, असं त्याला वाटलं होतं.

"हे गाणं कितव्यांदा म्हणत होता तो?"

"नवव्यांदा."

"नऊ वेळा? कशाला?"

"मीच म्हणालो. अजून जोर हवा होता."

तिने सही केलेल्या कागदाकडे पाहिलं. आवाज चढला नाही तिचा. शिवायला आलेल्या कापडाचं माप विचारावं तसं तिने विचारलं,

"मग या नऊपैकी अल्बमात कुठलं घेतलंस?"

कानसेनचा हात अजून बटणावरच होता.

"पहिलं."