बापूजी नावाचा इसम

ती बाई सलग तिसऱ्या सोमवारी आली, तेव्हा कुठे रुपरावाने तिला बाकावर बस म्हटलं.

आधीचे दोन सोमवार त्याने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. त्यात राग नव्हता. आणीबाणीला वर्ष होत आलं होतं, आणि मिसा कायद्याखाली आत टाकलेल्या माणसांच्या फायली कचेरीत त्याच्याच टेबलावरून जात. आरोप सांगायचा नाही, वकील चालायचा नाही, संशय पुरे. सुरुवातीला रुपरावाला जेवण जात नसे. मग जाऊ लागलं. आता समोर कोणी रडायला लागलं की तो डबीतल्या टाचण्या निवडत बसे.

ही बाई रडत नव्हती. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि लुगड्याला धरून उभी राहिलेली एक सहा वर्षांची पोरगी.

“कोणासाठी आली बाई?”

“लहानूसाठी. त्याले सोडा साहेब. त्यानं काही नाही केलं.”

रुपरावाच्या हातातली टाचणी हातातच राहिली. नवऱ्याचं नाव सांगायला अर्धा अर्धा तास लावणाऱ्या बायका त्याने दहा वर्षं पाहिल्या होत्या. कोणी पोराला पुढे करी, कोणी नुसती भिंतीकडे बघत बसे. त्याची स्वतःची बायको जिजाबाई रेशनच्या दुकानातही ‘हे’ गावाला गेलेत, ‘हे’ उद्या येतील, असंच सांगे; दुकानदाराला शेवटी कार्ड उलटून नाव वाचावं लागे. आणि ही विणकराघरची बाई धडधडीत नाव घेऊन मोकळी झाली होती. नवरा आत गेल्यापासूनच्या सात महिन्यांत हिचं काय झालं असेल, असं त्याच्या मनात आलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या मनात काही आलं होतं.

त्याने अर्जाचा कागद ओढला. अर्जदार: कुसुमावती. ‘नाते’ या रकान्यात त्याने न विचारताच ‘पत्नी’ लिहिलं. बाईने अंगठा दिला.

फाईल जाड नव्हती. कोराडीच्या वीजकेंद्रातून शहरात येणारी विजेची तार कोणीतरी सफाईने कापली होती. धंतोलीतले दवाखाने चार तास अंधारात होते. दोन दिवसांनी निनावी चिठ्ठी आली, की हे काम विणकरांच्या मोहल्ल्यातल्या बापूजीचं आहे. पोलिस गेले आणि लहानूला उचलून घेऊन आले. हुकमात टाईप केलेलं होतं: लहानू उर्फ बापूजी.

“मग हे बापूजी काय भानगड आहे?” रुपरावाने विचारलं.

बाईने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. “पोलिसानं ह्या गोपिकेले विचारलं, हा कोण लागते तुहा? पोरगी म्हणे, माहे बापूजी. बस, तेवढ्यावर नेला त्याले. आमच्या मोहल्ल्यात सारे पोट्टे बापाले बापूजीच म्हणतेत, साहेब.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाले सुळी!”

बाईने खाली पाहिलं.

“हे तुम्ही पहिलेच काहून नाही सांगितलं?”

“सांगत होती. दोन खेपा तुम्हीच हाकललं.”

रुपरावाने फाईलीतली तारीख पाहिली. फेरतपासणी शुक्रवारी होती. ती हुकली की लहानूचे आणखी चार महिने. सुटकेची शिफारस लिहिणारा आधीचा कारकून आता बदली होऊन सिरोंच्याच्या जंगलात मलेरियाच्या गोळ्या खात होता, हेही रुपरावाला ठाऊक होतं. तरी त्याने टिपण लिहिलं. नावात गफलत दिसते, चौकशी व्हावी.

चौकशीला एक हवालदार मोहल्ल्यात गेला. त्याने चौकात उभं राहून विचारलं, बापूजी कोण आहे रे? अकरा घरांतून अकरा पोट्टे बापाचा हात धरून बाहेर आले.

रुपरावाचे साहेब हवालदाराचा अहवाल वाचून खो खो हसले. मग कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, “बाई कशी आहे?”

“साधी आहे साहेब. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं तिनं.”

“घेतलं?” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “मग खोटं नाही बोलायची.”

रुपरावाने फाईलवर शेवटचा शेरा मारला: ‘बापूजी नावाचा इसम अस्तित्वात नाही. शोध बंद.’ मग फाईलला दोरी बांधून टाकली.

सुटकेचा कागद शिपायाहाती पाठवता आला असता. रुपराव स्वतः तुरुंगावर गेला. फाटकाच्या लहान दारातून लहानू वाकून बाहेर आला. सदरा त्याला फार मोठा झाला होता. गोपिका “बापूजी!” म्हणत धावली आणि त्याच्या पायांना बिलगली. रुपरावाला बरं वाटलं. अख्ख्या वर्षात आपण एक काम माणसासारखं केलं, असं वाटलं.

बाई पलीकडे लिंबाखाली उभी होती. जवळ आली नाही.

“जाय गा,” रुपराव म्हणाला. “तुही बायको वाट पाहून राहिली.”

लहानूने त्याच्याकडे पाहिलं. आपल्या पोरीचं बोट धरून तो लिंबाकडे चालू लागला.

कागदाची नक्कल द्यायची राहिली होती, म्हणून रुपराव मागोमाग गेला. लहानू बाईपासून दोन हात अंतरावर थांबला, वाकला आणि बाईच्या पाया पडला.

“वैनी,” तो हळूच म्हणाला, “बापूजी बरे आहेत ना?”

बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“हे बरे आहेत,” ती म्हणाली.