हिरवा दिवा लागेपर्यंत

डबा अजून काही बोलायला तयार नव्हता.

ती खांबापाशी उकिडवी बसून त्याच्याकडे बघत होती. पाऊस नुकताच थांबला होता, गाड्या लावायच्या त्या तळावरचं गवत निथळत होतं, आणि मागे त्यांची कोरी करकरीत कॅम्पर गाडी अंधारात उभी होती. आतला दिवा, पंखा, चहाची शेगडी, सगळं या खांबातल्या विजेवर चालायचं. पण वीज आधी सर्ज प्रोटेक्टरच्या डब्यात जाणार, डबा ती तपासणार, आणि हिरवा दिवा लागला तरच गाडीची वायर त्याला जोडायची. तोवर अंधारात बसायचं.

"काय म्हणतायत तुझ्या सासूबाई?" नवऱ्याने विचारलं.

डब्याचं हे नाव त्याचंच. आपल्या आईपेक्षा कडक वस्तू बाजारात मिळते, हे त्याला दुकानातच कळलं होतं. तो छोटा, स्वस्तातला प्रोटेक्टर उचलून मोकळा झाला होता. दुकानदाराने तो त्याच्या हातातून काढून घेतला. छोटा फक्त विजेचा लोंढा आला तर अडवतो, मोठा आधी खांबाची नियत बघतो, असं म्हणाला. मग नवरा गाद्या दाबून बघायला गेला तेव्हा दुकानदाराने तिला हळू आवाजात आणखी एक सांगितलं. कुठे कुठे खांबातली जोडणी चुकलेली असते, अर्थिंगच्या तारेतच करंट येतो आणि गाडीच्या अख्ख्या पत्र्यात उतरतो. आत बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून जो दाराला हात लावतो, तो जातो. तिने मुकाट्याने मोठा डबा घेतला.

"तो डबाबिबा कशाला हो?" पलीकडून आवाज आला.

त्याच खांबाच्या दुसऱ्या बाजूला एक जुनी गाडी होती. तिच्या दाराचा दांडा धरून एक म्हातारा उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तोंडभर हसू. खिडकीत पिवळा दिवा छान उजळला होता. आपण तर वायर सरळ खांबाला लावली, आजवर कसली तक्रार नाही, असं त्याने सांगितलं. या कडेला कोणी गाडी लावतच नाही, दोन शब्द बोलायला माणूस मिळत नाही, तेव्हा चहा आमच्याकडेच घ्या, असा आग्रहही केला.

नवऱ्याला तेवढंच हवं होतं. आंधळा मागतो एक डोळा, तशी गत. त्याने दोन कप काढले. चपला चिखलात रुतायला लागल्या म्हणून त्या तिथेच सोडल्या आणि अनवाणीच निघाला. सासूबाईंचा होकार आला की तू पण ये, एवढं मात्र जाताजाता बोलून घेतलं.

डब्यात टिक्‌ झालं.

दिवा लाल लागला. दोनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा दोनदा लुकलुकला. कुठल्या लुकलुकण्याचा काय अर्थ, ते झाकणावर छापलेलं होतं, पण तिला वाचावं लागलं नाही. दुकानदाराने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं होतं. अर्थिंगमध्ये करंट.

आपली वायर जोडली नाही म्हणून आधी तिला हायसं वाटलं. डब्याचे पैसे वसूल झाले, असंही मनात येऊन गेलं. मग तिची नजर दुसऱ्या वायरवर गेली. खांबातून निघून ती गवतात शिरली होती. गवताने तिला वरून पार झाकून टाकलं होतं. पुढे ती दिसली ती थेट म्हाताऱ्याच्या गाडीखाली, जिथे चाकं अर्धीअधिक मातीत गेली होती.

"दांडा धरून वर या," म्हातारा नवऱ्याला सांगत होता. "पायरी निसरडी आहे."

नवऱ्याने एका कपात दुसरा कप बसवला आणि उजवा हात मोकळा केला.

ओरडण्यात अर्थ नव्हता. ती ओरडली असती तर त्याने आधी दांडा पकडला असता आणि मग वळून काय झालं म्हणून विचारलं असतं. इतकी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचं एवढं तर कळतंच. तिने आवाज रोजच्यासारखा ठेवला.

"अहो, आईंचा फोन आहे."

हा एक फोन मात्र तो कधी ताटकळत ठेवायचा नाही. दांड्यापासून वीतभर अंतरावर त्याचा हात थांबला, खाली आला, आणि तो पाय आपटत परत फिरला. जवळ आल्याबरोबर तिने त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"कुठाय फोन?"

तिने डब्याकडे बोट दाखवलं. "नको म्हणतायत."

तो हसायला गेला. तिने दबक्या आवाजात दुकानदाराचं बोलणं सांगितलं तसं त्याचं हसू मावळलं. त्याने स्वतःच्या ओल्या पायांकडे बघितलं, मग दांड्याकडे नेलेल्या हाताकडे. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं, आणि दोघांनी मान वळवून पलीकडे पाहिलं.

म्हातारा होता तिथेच होता. अनवाणी, घोट्यापर्यंत ओल्या गवतात, मुठीत दाराचा दांडा. मघापासून त्याने तो सोडलाच नव्हता.

"घाबरू नका हो," तो समजुतीने म्हणाला. "पहिल्यांदा जरा झिणझिण्या येतात. मग काही वाटत नाही."