हात लावून पाहा

शकुबाईंचं बोट पडद्याला कळेना. त्यांनी दाबून पाहिलं, मग जरा रागानं दाबलं. चौकोन जागचा हलला नाही.

“बोट पदराला पुसून घ्या, मावशी,” व्यवस्थापक माधवी म्हणाली.

शकुबाईंनी बोट पुसलं. कामशेतच्या मंगल कार्यालयातली सगळी सभा त्या बोटाकडं बघत होती. शेतकरी कंपनीचा अध्यक्ष निलेश व्यासपीठावर समाधानानं बसला होता. एरवी वार्षिक सभेला या वेळी अर्धे सभासद जेवणाच्या रांगेत असत, आणि छापील अहवाल उरलेल्यांच्या बुडाखाली.

कंपनी सभासदांचं भात घ्यायची आणि तांदूळ करून विकायची. यंदा तोटा आला होता. निलेशनं पुण्याच्या एका प्रशिक्षणात वाचकाला हात लावता येईल असा अहवाल पाहिला होता. तसाच करा, असं त्यानं माधवीला सांगितलं. तिनं बरेच दिवस खपून तो केला. मोठ्या पडद्यावर प्रत्येक खर्चाचा एक चौकोन. बोट लावलं की तो खर्च जायचा, पुन्हा लावलं की यायचा. खाली एक पट्टी. तोटा असेपर्यंत लाल, तोटा गेला की हिरवी.

यामागचं खरं कारण निलेशनं कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला लोहगडवाडीचं भात खरेदी केंद्र बंद करायचं होतं. आपण बोललो तर भांडण होणार. सभासदांनी स्वतःच्या बोटानं पट्टी हिरवी केली, तर कोणाशी भांडणार?

झालंही तसंच. पहिल्यानं अध्यक्षांची गाडी घालवली. लोक हसले, निलेशही हसला. पट्टी लालच राहिली. एकानं सभेचं जेवण घालवलं आणि घाईनं परत आणलं. मग कामशेतच्या विठ्ठलनं लोहगडवाडीच्या केंद्राला बोट लावलं. पट्टी हिरवी झाली. काहींनी टाळ्या वाजवल्या. निलेशनं माईक जवळ ओढला. आता फक्त ठराव मांडायचा होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून शकुबाई उठल्या होत्या. त्या लोहगडवाडीच्या. केंद्र गेलं तर टेम्पो करून भात कामशेतला आणायचं, नाहीतर दारात येणारा व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यायचं. चार पोती भात असणाऱ्याला टेम्पो कुठला परवडणार?

त्यांनी केंद्र परत आणलं. पट्टी लाल झाली. मग त्या एकेक चौकोन दाबू लागल्या. दाबायचा, पट्टीकडं बघायचं, परत आणायचा. त्यांना कसलीच घाई नव्हती. कडेला एक करडा चौकोन होता. त्याच्याकडं आतापर्यंत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. शकुबाईंनी त्याला बोट लावलं.

पट्टी हिरवी झाली.

“ह्यो कशाचा?” त्यांनी विचारलं.

“व्यवस्थापकाच्या पगाराचा.”

“म्हंजी कुणाच्या?”

“माझ्या,” माधवी म्हणाली.

शकुबाईंनी तव्यावरून घ्यावं तसं बोट मागं घेतलं. “मला ठावं न्हवतं, ताई. माघारी आना त्यो. ऱ्हाऊ द्या.”

“असू दे, मावशी. बरोबर दाबलंय तुम्ही.”

निलेश उभा राहिला. असे निर्णय असे घ्यायचे नसतात, त्याला अनेक बाजू असतात, असं काहीतरी तो बोलला. आपलंच बोलणं त्याला गुळगुळीत वाटलं.

“तुमीच म्हनला न्हवं भाऊ, हात लावून बगा,” विठ्ठल खालून म्हणाला. “बगितलं.”

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. निलेश खाली बसला. मग माधवीची कामं कोण करणार, असं कोणीतरी विचारलं. उत्तर माधवीनंच दिलं. सगळे हिशेब तिनं संगणकावर आणले होते. आता राहिलेलं काम कारकून पप्पूला जेवायच्या सुट्टीआधी उरकता येईल. तिनं त्याला शिकवलंही होतं.

हात वर झाले. एकमेकांकडं बघत, सावकाश, पण पुरेसे झाले. शकुबाईंनी हात वर केला नाही. केंद्र राहिलं.

लोक जेवायला गेल्यावर माधवी पडद्याच्या वायरी गुंडाळत बसली. निलेश तिच्याजवळ येऊन उभा राहिला. तिच्या नवऱ्याला, अमृतला, कुसगावच्या हॉटेलात फक्त गर्दीच्या दिवसांत काम असतं, हे त्याला माहीत होतं. कंपनी उभी राहिली ती या बाईमुळं, हेही माहीत होतं. हे त्यानं आजवर कुठल्या सभेत बोलून दाखवलं नव्हतं.

“तुमचा पगार किरकोळ खर्चात मिसळून टाका, असं मी सांगितलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला.

“हो.”

“विसरलात?”

“नाही, सर.” तिनं वायरीला गाठ मारली. “अहवाल तयार झाल्यावर सगळ्यात आधी मी तोच चौकोन दाबून पाहिला होता.”