पानाची डावी बाजू

दसऱ्याच्या सकाळी गोरक्षनं वाकडहून चाकणला आईला फोन केला. “आई, बाकीचं जेवण मागवलंय, पण पानाची डावी बाजू तुझ्याच हातची पाहिजे. संध्याकाळी गाडी पाठवतो.”

भागूबाईनं चटण्या वाटल्या, कुरडया तळल्या, कोशिंबिरीसाठी काकडी चोचवली. नवं लुगडं नेसली, दाराला कुलूप घातलं अन् डबे घेऊन ओट्यावर बसली.

मोटारसायकलवर पार्सलवाला आला अन् डबे घेऊन गेला.

जेवणाच्या वेळी फोन वाजला, तेव्हा ती ओट्यावरच होती. दाराचं कुलूपही तसंच होतं.

“आई, सगळं झकास झालंय. कोशिंबिरीत तेवढं मीठ विसरलीस.”

“विसरले न्हाई रं. आधी घातलं की पाणी सुटतं. म्हटलं, पानं वाढताना घालीन.”