गडाचं रक्त

मुलगी बघायला आलेल्या ढवंगाळे काकूंनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि काडेपेटीएवढं रक्तयंत्र शर्वाणीच्या बोटाला टोचलं. आता पत्रिका कोण बघतं? तीन हजार वर्षांपूर्वीचं कोणतं हाड आपलं, हे यंत्र सांगतं!

"अगं बाई, टेकडीखालच्या थडग्यांतली!" काकूंनी नाक मुरडलं. "आमचा निशांत वरच्या गडाचा. तट बांधणाऱ्यांचा. दाखला फ्रेम करून लावलाय."

शर्वाणीच्या आईचा चेहरा पडला. हे तिसरं स्थळ हातचं चाललं होतं. शर्वाणीला मात्र हसू आवरेना, कारण चार वर्षं त्याच टेकडीवर ती उत्खनन करत होती.

"काकू, थडगी गडाच्याही आधीची आहेत. गडवाले तर मेलेल्यांना जाळायचे, वर एकही हाड मिळालेलं नाही. मग तुमचं रक्त जुळवलं कशाशी? राखेशी?"

काकूंनी तावातावाने शेजारी बसलेल्या निशांतचंच बोट टोचलं. यंत्राने थडगी दाखवली. निशांत गालिचा न्याहाळू लागला.

"मुलगी पसंत आहे हं आम्हाला," काकू घाईघाईने म्हणाल्या.

आई खुलली.

"मला मुलगा पसंत नाही," शर्वाणी म्हणाली. "आणि ते पूर्वजांमुळे नाही, काकू. त्यांना मी ओळखते. चांगली माणसं होती."